आप्पासोच्या बांधावरची वाट

"वैनी, आता गप बसून चालायचं न्हाई. ऊन माथ्यावर येस्तवर टोळी थांबंल. मग मुकादम तिला फुडच्या गावाला न्हेतोय. मागनं माझ्या नावानं बोटं मोडू नगा."

"तुमी ट्रॅक्टर तेवढा वळवू नगा, बादशाभाई."

"वळवू नगा म्हंता, आन् फुडं कसा घालू? आप्पासोनं वाटंवर बाभळी टाकल्यात. माझ्या टायरानं काय चिलखत घातलंय व्हय?"

कोयते मांडीवर घेऊन रस्त्याकडेला बसलेली ऊसतोडीची टोळी हसली. मंगल हसली नाही. तिनं पदर कमरेला खोचला आणि बाभळीच्या फांद्यांना वळसा घालून आप्पासोच्या हळदीकडं निघाली.

आमच्या पलूसकडं ऊस कुणाच्याही रानात येतो. तो रस्त्याला लागला, की मग मालकाचा. मंगलचं रान आप्पासोच्या रानाच्या मागं. आप्पासो म्हणजे तिच्या नवऱ्याचा, नाथाजीचा चुलतभाऊ. नाथाजी होता तोवर तिचा ऊस आप्पासोच्या बांधावरनं बिनबोभाट जायचा. नाथाजी गेला आणि वाट बंद झाली. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

मागल्या साली मंगलनं केलं ते आपल्याकडं सगळेच करतात. शब्द पक्का व्हायचा तर पाच माणसं बसवायची. तिनं बिरोबाच्या देवळात बसवली, चहा पाजला. पाचीजण आप्पासोला माणुसकी शिकवायला लागले. बाईमाणूस हाय, ल्योक मिलिटरीत हाय, तुला काय काळीज हाय का न्हाई? भर देवळात अब्रू काढल्यावर गडी वाकतोय कशाला! उठला, टॉवेल झटकला आणि 'न्हाई' म्हणाला. होकार पक्का करायला बसवलेल्या पाच माणसांसमोर नकार पक्का झाला. ऊस चैतापर्यंत उभा राहिला, त्याला तुरे आले, आणि शेवटी तोडून गावच्या जनावरांपुढं टाकावा लागला.

दिवाळीला तिचा भाऊ मलकापूरहून आला. बांधावर उभा राहून त्यानं आप्पासोला कोर्ट दाखवलं, तहसीलदार दाखवला. दुसऱ्या दिवशी वाटेवर बाभळी पडल्या.

मग मिलिटरीतल्या पोराचा, पृथ्वीराजचा फोन. "आई, यंदा ऊस न्हाई गेला तर रान वाट्यानं द्यायचं आन् माझ्याकडं क्वार्टरला यायचं. शब्द दे." मंगलनं शब्द दिला. दिला आणि रात्रभर कुशी बदलत राहिली. आपण तिथं पोराच्या दोन खोल्यांत कुणाला वैरण घालणार?

आप्पासो पाण्याच्या कॉकजवळ पाठमोरा बसला होता.

"आप्पा. आवं आप्पा."

"कितीजण आणल्यात?"

"एकलीच हाय."

"आन् तुजा त्यो मलकापूरचा वकील?"

"त्यो मेकॅनिक हाय."

"तरीच. लय घरघरत हुता."

मंगल उकिडवी बसली. "वाट मागाय न्हाई आले. इचाराय आले. का न्हाई म्हंता?"

"न्हाई म्हंजी न्हाई."

तिच्या जिभेवर सगळं आलं होतं. ल्योक मिलिटरीत, मी एकली, तुमाला कसं बगवतंय. देवळात हेच झालं होतं. तिनं ते गिळलं. आप्पासो कॉक पिळत राहिला. रस्त्यावरनं बादशहानं हॉर्न मारला. मंगलनं मान वळवली नाही. दुसरा हॉर्न आला. आप्पासोनं उगाच कॉक सोडला, पुन्हा पिळला. त्याच्या कानशिलावरनं घाम उतरत होता.

"हिकडं ये," तो एकदम उठला.

बांधावर एका जागी दगड मांडलेले होते. त्यानं पायानं ते सारले. खाली पाण्याचा पाईप, सांध्यावर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आवळलेल्या.

"नाथाजीच्या शेवटच्या उसाची ट्रॉली गेली ह्याच्यावरनं. पाईप फुटला. उद्या बशीवतो म्हणला. त्येची उद्या काय आली न्हाई." आप्पासो तिच्याकडं न बघता बोलत होता. "हितं माझी हळद करपली आन् तुज्या दारात सुतक. कुटल्या तोंडानं भरपाई मागू? आन् तू देवळात बसवून मलाच इचारतीस, काळीज हाय का म्हणून!"

मला कुटं म्हाईत हुतं, हे अगदी ओठावर आलं. तेही तिनं गिळलं.

"पाईप खाली घेती. वरनं सिमेंटची नळी घालती. माझ्या हिरीवर पडलीया."

"टोळीची माणसं लावशील."

"मी खांदती."

"आन् गावाला काय सांगू? पाच माणसांत न्हाई म्हणलोय मी."

"रस्त्यावर सगळी बसल्यात. बघतील की. मंगलकडनं आदी खांदून घेतलं, मगच वाट दिली म्हणा."

आप्पासोनं टॉवेलनं तोंड पुसलं. "कमरंइतकं खोल."

"गुडघ्याइतकं."

"मांडीपातूर. आन् भरली ट्रॉली जाताना मोटार चालू ऱ्हाणार. पाणी तुटलं, तर ट्रॉली हाय तितंच ऱ्हाईल."

"चालंल. पण बाभळी तुमी काडायच्या. टाकल्या तुमी."

"बगतो."

"बगतो न्हाई. काडतो म्हणा."

आप्पासोनं तिला नीट बघून घेतलं. मग फांद्यांच्या दिशेनं चालायला लागला.

कुदळ खणाखण वाजायला लागली. खाली मुरूम लागला. आप्पासोनं बाभळी ओढून बांधाखाली टाकल्या आणि येऊन काठावर उभा राहिला. मदतीला हात लावला नाही. मधनंच म्हणायचा, "अजून ईतभर." ऊन माथ्यावर आलं तसा मुकादम उठला. बादशहानं त्याची बाही धरून खाली बसवला. "आरं, ती बाई मुरूम फोडतीया आन् तुला नुसतं बसाय जमंना व्हय, गड्या? तमाखू मळ." नळी मात्र बादशहानंच ट्रॅक्टरला बांधून विहिरीवरनं ओढत आणली.

मोकळा ट्रॅक्टर आत गेला. तोड सुरू झाली. कलत्या उन्हात भरलेली ट्रॉली बांधावर आली तेव्हा सगळी टोळी मागं उभी होती. मोटार चालू होती. आप्पासोची नजर हळदीच्या सरीत पडणाऱ्या धारेवर, मंगलची चाकावर.

ट्रॅक्टरची चाकं नळीवरनं पार झाली. ट्रॉलीचं चाक नळीवर आलं आणि धार खोकली. बारीक झाली. करंगळीएवढी.

आप्पासोनं हात वर केला. बादशहानं ब्रेक दाबला. ऊस करकरला. मंगलनं कुदळीचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. हाताच्या फोडांचं पाणी दांड्यावर उतरलं होतं. आता आप्पासोनं नुसतं 'फुटला' म्हणायचा अवकाश. देवळाचं उट्टं फिटलं असतं.

आप्पासो गुडघ्यावर बसला, चाकाशेजारची माती उकरली, कोपरापर्यंत हात आत घातला. बराच वेळ चाचपला. हात बाहेर काढून बोटं एकमेकांवर घासली. कोरडी माती भुरभुरली.

"लाईट डाऊन झालीया," तो म्हणाला. "जाऊ द्या."

ट्रॉली पार झाली. थोड्या वेळानं धारही भरली.

"हे यंदापुरतं," आप्पासो म्हणाला.

"व्हय. फुडल्या साली पुन्ना येती."

"एकलीच ये."

पदराखाली फोन वाजत होता. पृथ्वीराजच असणार. मंगल तोवर मागं वळली होती. टोळीनं छाटलेलं उसाच्या शेंड्यांचं वाढं रानभर पडलं होतं आणि म्हैस सकाळपासनं रिकामी उभी होती. तिनं फोन वाजू दिला, वाढं कवळ्याकवळ्यानं गोळा केलं, भारा आवळला, आणि डोक्यावर घेऊन गोठ्याकडं चालायला लागली.