दीवला जाऊन आलेले गिरणीवाले

आमच्या साताऱ्यातल्या गल्लीत पिठाची गिरणी चालवणारे गृहस्थ फौजेतून निवृत्त झालेले. काटा थरथरायचा थांबेपर्यंत दळणाचे वजन सांगत नसत, म्हणून माझे त्यांच्याशी जमले. तीसेक वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात ते पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना घेऊन चार दिवस दीव बेटावर गेले. बरोबर स्टोव्ह, तांदूळ आणि दशम्या. समुद्रासमोरची खोली महाग, म्हणून मागच्या बाजूची घेतली. दोघांचा सगळा खर्च बाराशे रुपये.

परतल्यावर गिरणीत बायकांनी वहिनींना घेरले.

"आवं काकी, कुठल्या देवाला जाऊन आलासा? मावंदं कवा?"

आमच्याकडे यात्रेहून आल्यावर मावंद्याचे जेवण घालतात. नवऱ्याबरोबर नुसती मौज करायला गेलो, हे पन्नाशीत सांगायचे कसे? वहिनी ओशाळून म्हणाल्या, "घालू की रविवारी."

गिरणीवाल्यांनी भर रांगेत गिरणी बंद केली.

"देव न्हाई न् मावंदं न्हाई. ही चार दिस वाळूत बसून ऊन खात हुती. सैपाक मी केला."

हशा पिकला. वहिनींनी पदर तोंडाला लावला. मग एकीने हळूच विचारले, "काकी, दर्या कसा असतोय वं?"

वहिनी सांगू लागल्या. त्यांचे सांगून होईपर्यंत गिरणी बंदच होती.