आळीपाळीचा विसावा

आमच्या गिरणीत दसऱ्याला पट्टा फिरत नाही. खंडेनवमीला दुपारी शेवटचा डबा दळून झाला की मोटार बंद. मग जात्याचा वरचा दगड उचलायचा, आतलं पीठ झाडायचं, ओल्या फडक्यानं पुसून हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, आणि दसरा उलटेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. वर्षभर जे राबतं त्याला एक दिवस विसावा. गिऱ्हाइकांनी यावर माझ्याशी पुष्कळ वाद घातले. "अहो, पाहुणे आलेत, दोन किलो गहू टाका की!" मी म्हणायचो, "पाहुण्यांना भात वाढा. गहू परवा." पुण्यात फटकळ बोलायचा अधिकार सगळ्या दुकानदारांना असतो, आणि मी माझा कधी वाया जाऊ दिला नाही.

मी चौथी शिकलो. लोणी काळभोरहून पुण्यात आलो तो दुसऱ्याच्या गिरणीत कामाला, आणि पुढे पेठेत स्वतःची गिरणी केली. खाली गिरणी, तिच्या मागे धान्याची खोली, वर आमच्या दोन खोल्या. घरात मी, बायको आणि एकुलती एक लेक. मी हट्टी आहे असं त्या दोघी म्हणतात. मी नाकारत नाही. हट्ट नसता तर मी अजून लोणीतच असतो.

लेक इंजिनियर झाली तेव्हा पुण्यात कॉम्प्युटरचं वारं भरलं होतं. शहराबाहेरच्या माळावर काचेच्या इमारती उठत होत्या, गल्लीतलं दर दुसरं पोरगं अमेरिकेला निघालेलं होतं, आणि किराणावाल्याकडे आयतं पीठ पिशवीत मिळायला लागलं होतं. त्या पिठाबद्दल माझं मत इथे लिहीत नाही, बायको वाचणार आहे. सगळ्यांना वाटलं, पोरगी आता नोकरी धरणार. तर ही म्हणाली, "बाबा, मला पुढे शिकायचंय. एम.ई. करायचंय, कॉम्प्युटर नेटवर्क्समध्ये."

"म्हणजे काय शिकायचं त्यात?"

"एका कॉम्प्युटरचं बोलणं दुसऱ्याला कसं पोचवायचं ते. मोठा निरोप असला की त्याचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा मिळेल त्या वाटेनं जातो आणि तिकडे सगळे परत जोडतात."

मी खाली डब्यांच्या रांगेकडे बोट दाखवलं. "मी गिऱ्हाइकाचं पीठ असं मूठमूठ करून दहा रस्त्यांनी पाठवलं ना, तर संध्याकाळी माझे तुकडे जोडावे लागतील."

ती पोट धरून हसली. पण मी नाही म्हटलं नाही. लोणीहून भावकीतली माणसं आली, "आता लगीन बघायचं सोडून हे काय?" म्हणाली. मी म्हटलं, "मी चौथीला थांबलो तेव्हा तुम्ही कुणी विचारायला आला नव्हता. ही कुठं थांबणार ते आता तिला विचारा." चहा पिऊन गेली.

दोन वर्षांचं ते शिक्षण. शेवटच्या वर्षी तिला स्वतःचं एक काम करून दाखवायचं होतं. बुधवार पेठेतून ती जुने कॉम्प्युटर शोधून आणायची, रिक्षात मांडीवर घेऊन, नवं बाळ आणावं तसे. असे चार झाले. एक सारखं बोलणार, एक ऐकणार. बोलणारा विचारणार, "आहेस का?" ऐकणारा म्हणणार, "आहे." पुन्हा "आहेस का?" पुन्हा "आहे." मी म्हटलं, "यासाठी एम.ई. कशाला? तुझी आई दिवसभर खिडकीतून मला हेच विचारते."

"तुम्ही उत्तर देत नाही, एवढाच फरक," आतून बायको म्हणाली.

खरी गंमत उरलेल्या दोन कॉम्प्युटरांत होती. ते मधे बसायचे आणि निरोप पुढे न्यायचे. ती त्यांना राउटर म्हणायची, मी वाटाडे म्हणायचो. दोन वाटाडे म्हणजे दोन वाटा. एक बंद पडला तर निरोपानं आपणहून दुसऱ्याकडे वळायचं, कुणी सांगायला जायचं नाही. तिचं सगळं शिक्षण त्या वळण्यात होतं. कॉलेजात तिला शिकवणारे सर होते, त्यांनी अट घातली होती की हे सलग आठवडाभर चाललं पाहिजे. मधे अडखळलं तर स्वतः सावरलं पाहिजे. सावरायला कुणी हात लावला की आठवडा बाद. आणि आठवडा बाद म्हणजे परीक्षा सहा महिने पुढे.

आता कॉलेजातली लॅब म्हणजे काय, तर सुट्टी लागली की रखवालदार मेन स्विच खाली ओढून किल्ली घेऊन घरी. नेमकी नवरात्राची सुट्टी आली. मग चारही कॉम्प्युटर आमच्या घरात चालू झाले. बोलणारा वर बाहेरच्या खोलीत. ऐकणारा खाली धान्याच्या खोलीत, धूळ नको म्हणून बायकोच्या जुन्या साडीखाली. एक वाटाडा जिन्याखाली, दुसरा स्वयंपाकघराच्या माळ्यावर. निळ्या तारा घरभर. वीज गेली तर म्हणून बॅटरी भाड्यानं आणली, कारण गुरुवारी वीज जाणार हे पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही. बोलणाऱ्याच्या पडद्यावर एक हिरवी रेघ सरकत राहायची. रेघ हिरवी म्हणजे निरोप पोचतोय. लाल झाली म्हणजे तुटला.

त्या आठवड्यात घरात येणारा प्रत्येक माणूस आधी रेघ बघायचा, मग चप्पल काढायचा. मीसुद्धा.

आणि खंडेनवमी आली. दुपारी मी गिरणी बंद केली, पूजा केली. बायकोचं शिवणयंत्र झालं, माझी स्कूटर झाली. मग ताट घेऊन जिन्याखाली वाकलो.

"बाबा, हळदकुंकू लावा, पण तारेला धक्का नको," लेक म्हणाली.

"तार काढूनच लावतो. विसाव्याला आहे ना तो."

ती पायरीवर मटकन बसली. "विसावा कसला? आठवडा संपायला दोन दिवस आहेत! परवा सर बघायला येणार आहेत."

"या घरात दसऱ्याला यंत्र चालत नाही."

"मग लाटणंपण ठेवा विसाव्याला," बायको वरून म्हणाली. "उद्या श्रीखंड नुसतं चाटा. पुऱ्या काही होत नाहीत."

"लाटणं दमत नाही," मी म्हटलं. "हे बघ, हात लावून बघ, किती तापलंय. पाच दिवस उभं आहे बिचारं."

खरंच तापलं होतं. पण लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तेही खरं होतं. मी ताट घेऊन तसाच उभा राहिलो. मागे घ्यायची मला सवय नाही. तिलाही नाही, ती माझीच आहे. थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "सगळी यंत्रं एकदम थांबली पाहिजेत, असं कुठे आहे का?"

मी विचार केला. आणि मला माझा थोरला भाऊ आठवला. तो पाण्याच्या खात्यात पंपावर होता. खडकवासल्याचं पाणी शहरात चढवायचे ते पंप. एका दसऱ्याला मी त्याच्याकडे गेलो होतो. एका पंपाला माळ घातलेली, तो गप्प, आणि शेजारचा गर्जत होता. भाऊ म्हणाला होता, "ह्यो उद्या निजंल. सगळे निजले तर पुणं काय पिईल?"

"आळीपाळीनं चालतं," मी म्हटलं. "आज हा, उद्या माळ्यावरचा."

तिचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. "एक बंद करायचा म्हणजे निरोपाला वाट बदलायला लागणार. लॅबमध्ये जमलं होतं. इथे अजून करून नाही पाहिलं. हिंमतच झाली नाही."

"त्याच्यासाठीच केलंस ना हे सगळं? मग भितेस कशाला?"

तिनं जिन्याखालची तार चाचपली. मग म्हणाली, "पण बोलणारा आणि ऐकणारा? ते थांबले तर काहीच उरत नाही."

हा मुद्दा मात्र अवघड होता. मी टोपी सारखी केली आणि निकाल दिला. "ते दोघं गिऱ्हाईक आहेत. गिऱ्हाइकाला कुणी विसावा देतं का? त्यांना उद्या सोनं देऊ." सोनं म्हणजे आपलं दसऱ्याचं, आपट्याचं पान.

"काय बाई न्यायाधीश!" बायको म्हणाली, पण ती रेघेजवळ जाऊन बसायच्या तयारीनं आत वळली होती.

मी जिन्याखालच्या वाटाड्याला हळदकुंकू लावलं, माळ घातली. लेक वर धावली. "काढा!" ती ओरडली. मी पिन काढली. आतल्या पंख्याची घरघर मंदावत गेली आणि थांबली.

मी वर कान लावले. मग बायको म्हणाली, "अगं बाई, लाल." मी हातात झेंडूचं एक सुटं फूल धरून उभा. मग वरून धपधप उड्यांचा आवाज आला, इतका की जिन्यातली माती माझ्या टोपीवर पडली. एम.ई.ची विद्यार्थिनी बाहेरच्या खोलीत नाचत होती.

"वळलं! बाबा, आपलं आपण वळलं!"

दसऱ्याचा दिवस उजाडला. मी नवा सदरा घालून बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला आपट्याचं पान ठेवलं, तोच दारात एक गृहस्थ उभे. बारीक अंगाचे, हातात छत्री.

"इथे नेटवर्क कुठे आहे?"

"इथे गिरणी आहे, आणि ती बंद आहे," मी म्हटलं.

"ते दिसतंय. मी कॉलेजातून आलो."

सर! एक दिवस आधी! लेक जिन्यातून खाली आली आणि जागीच थिजली, कारण सर जिन्याखाली वाकून झेंडूची माळ बघत होते.

"हा बंद का?"

"विसाव्याला आहे," मी म्हटलं.

"आपण कोण?"

"गिरणी माझी. लेकही माझीच. चपला तिकडे काढा."

त्यांनी मुकाट्यानं चपला काढल्या. वर जाऊन रेघ पाहिली. हिरवी. आतापर्यंतचं सगळं पडद्यावर मागे नेऊन पाहिलं. कालची लाल जागा त्यांना सापडली. "इथे कुणी हात लावला?"

"नाही सर. पिन बाबांनी काढली. सावरलं ते आपलं आपण."

सर खुर्चीत मागे टेकले. "मी आज न सांगता का आलो, कळलं का? ती पिन मी उपटणार होतो. सांगून उपटली तर परीक्षा कसली! तुमच्या वडिलांनी माझं काम केलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आता जिन्याखालचा चालू करून माळ्यावरचा बंद करा."

"पूजेशिवाय नाही," मी म्हटलं.

"बरं. पूजा करा."

स्वयंपाकघरातलं स्टूल डुगडुगणारं होतं. मी वर चढलो, सरांनी स्टूल धरलं. त्यांच्या दुसऱ्या हातात हळदकुंकवाचं ताट. लेकीनं खाली जाऊन जिन्याखालच्याची माळ उतरवली, पिन लावली आणि वर रेघेजवळ गेली. मी हळदकुंकू लावलं, माळ घातली आणि पिन उपटली.

"बाबा, थांबा!" ती किंचाळली. "खालचा अजून उठतोय!"

पिन माझ्या हातात होती. एक बंद, दुसरा अर्धवट जागा. निरोपाला वाटच नाही. स्टुलावरून मला पडदा दिसत नव्हता.

"काय झालं? हिरवी आहे का?"

"लाल," बायको म्हणाली.

"आता?"

"लालच हो. सारखं विचारू नका."

लेकीचा हात बटणांकडे गेला असावा, कारण सर मोठ्यानं म्हणाले, "हात लावायचा नाही! लावलात तर आठवडा बाद." आणि मीही म्हटलं, "हात लावू नकोस गं." त्या एका वाक्यावर माझं आणि त्यांचं पूर्ण एकमत होतं. खाली जिन्याखालून पंख्याची घरघर ऐकू येत होती. गिरणी सुरू करताना पट्टा आधी सुस्त फिरतो, मग पकड घेतो, तसा तो आवाज हळूहळू भरत होता. सरांनी धरलेलं स्टूल हलत होतं. ते हलवत होते की मी, ते सांगता येत नाही.

मग लेकीनं टाळी वाजवली. एकच. आणि रडायला लागली, हसत हसत.

सर ताटासकट तिकडे धावले. मी स्टुलावर एकटाच. त्यांनी पडदा बारकाईनं पाहिला, मान हलवली आणि म्हणाले, "दोन्ही वाटा गेल्या आणि तरी उठलं. मी यापेक्षा कठीण परीक्षा घेतली नसती. पुढच्या महिन्यात परीक्षेला बसा. सहा महिने वगैरे काही नाही."

"मी ती पिन मुहूर्तावरच उपटली होती," मी वरून म्हटलं.

"उतरा आता," बायको म्हणाली, "न्यायाधीश, मुहूर्तवाले, जे कोण असाल ते."

सर जेवायला थांबले. लाटणं विसाव्याला नव्हतं, पुऱ्या टम्म फुगल्या. श्रीखंड तिसऱ्यांदा वाढून घेताना ते म्हणाले, "निकालाशी याचा संबंध नाही, हे नोंदवून ठेवतो." जाताना मी त्यांना सोनं दिलं. त्यांनी पान खिशात ठेवलं आणि छत्री आमच्याकडेच विसरले.

लेक पास झाली, एम.ई. झाली, माळावरच्या एका काचेच्या इमारतीत लागली. तिथे एका थंडगार खोलीत भिंतभर वाटाडे आहेत म्हणे. लोणीची भावकी अजून विचारते, "पण शिकली काय ती?" मी समजावत बसत नाही. दसऱ्याला या, म्हणतो. कारण दर दसऱ्याला सकाळी तिचा कामावरून फोन येतो. मागे यंत्रांची घरघर ऐकू येते आणि ती विचारते, "बाबा, डावीकडचा आधी विसाव्याला ठेवू की उजवीकडचा?"

मी सांगतो. आणि शेवटी न चुकता एवढं म्हणतो, "दुसरा पुरता उठू दे हं."

"हे तुम्ही मला सांगताय?" ती म्हणते.