खरखर नसलेली तबकडी

व्हिएन्नात दर रविवारी ट्रूडेच्या घरी जुन्या तबकड्या लागायच्या. वादक कोण ते लपवायचं आणि ऐकून भांडायचं, हा तिथला रिवाज. ट्रॅम चालवून निवृत्त झालेला ओटोकार भांडणात सगळ्यांचा बाप, आणि आल्फोन्स त्याचं प्रत्येक म्हणणं खोडून काढणारा. त्या दिवशी त्याने टेबलावर थाप मारली.

"ही ऐका! खरखरीचा मागमूस नाही. मघाची तुमची घाला भंगारात!"

कुणीच हसलं नाही. तबकडी कढईत भजी तळावीत तशी चरचरत होती.

"काय रे आल्फोन्स, दातखीळ बसली?"

"बरोबर आहे तुझं," आल्फोन्स हळूच म्हणाला.

उभ्या जन्मात आल्फोन्सने हे म्हटलं नव्हतं. ओटोकारला कळलं, आपले कान गेले. आता इथे केक मिळेल, कॉफी मिळेल; भांडायला मात्र कुणी मिळणार नाही.