रेडिओताईंचं मौन

प्रयोगशाळेत तिला सगळे रेडिओताई म्हणायचे, आणि त्यात अतिशयोक्ती मुळीच नव्हती. अर्धं आयुष्य कापडाच्या दुकानात बोलण्यावरच निघालं होतं. रुमाल घ्यायला आलेली बाई तिच्यापुढून दोन साड्या घेऊन जायची. दुकान बंद पडलं तेव्हा ती इथे बाटल्या धुवायला लागली, आणि हात हलका म्हणून रोपं लावायच्या, जंतूंपासून जपलेल्या काचेच्या कपाटापुढच्या खुर्चीवर बसली. काम नाजूक. अगरूच्या, म्हणजे ज्याच्या लाकडातून महागडं अत्तर निघतं त्या झाडाच्या कोंबाचं नखाएवढं टोक चिमट्याने उचलायचं, बाटलीतल्या जेलीसारख्या खाद्यात रोवायचं, झाकण लावायचं. एवढ्याशा टोकातून पुढे रोपांची रांग उभी राहते.

तिच्या बाटल्यांत मात्र रोपांआधी बुरशी उगवली. एकदा नव्हे, लागोपाठ दोनदा.

"ताई, तुम्ही काम करता करता बोलता," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. "मास्क घसरतो आणि तोंडातलं सगळं बाटलीत जातं. या खेपेलाही बुरशी आली तर परत धुण्याच्या खोलीत."

"एवढंच ना? तोंडाला कुलूप!" असं म्हणून ती कुलपाबद्दल बराच वेळ बोलली.

पण खुर्ची तिला हवी होती. जन्मभर उभ्याने कामं केलेल्या बाईला बसून करायचं, आणि जीव रमेल असं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. जिभेला वळण लागावं म्हणून तिने घरीही न बोलायचा सराव सुरू केला. का ते सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे बोलणं आलं.

घर हादरलं. नवरा ओट्याभोवती घुटमळत राहिला.

"चिडलीस का गं?"

ती नुसती भाजी चिरत होती.

"बरं, सांगतो. मिक्सरचं भांडं मीच फोडलं. मांजराचं उगाच नाव घेतलं."

दुसऱ्या दिवशी सासूबाई जवळ येऊन बसल्या. "तुझी निळी शाल मीच माझ्या लेकीला दिली. तू शोधत होतीस तेव्हा मीही तुझ्याबरोबर शोधली, काय करू!" मुलीने तर शिकवणी बुडवून पाहिलेले सिनेमे नावानिशी सांगून टाकले. प्रत्येक वेळी तिला ओठांवर आलेलं पाण्याच्या घोटाबरोबर गिळावं लागलं.

शेवटी मॅडमनी बाटल्या एकेक करून उजेडात धरल्या. बुरशीचा ठिपकाही नव्हता. तळाशी हिरवा फुटवा तेवढा होता.

"खुर्ची तुमची, ताई."

घरी पाऊल टाकताच तिने सगळी हकीकत एका दमात सांगितली. नवऱ्याने सुस्कारा सोडला. "म्हणजे तू चिडली नव्हतीस?"

"छे! मला कुठे काय माहीत होतं?" तिने पदर खोचला. "आता माहीत झालंय. बसा तिघंही. मिक्सरपासून सुरू करू."