नर्सबाईंचं घर

कमळाबाई घरात आल्या की आधी बाळाला उचलून त्याच्या टाळूचा वास घेत. मग पुरुषमंडळींकडे वळून म्हणत, "विडी तुमी ओढता आणि खोकतंय हे लेकरू."

खालापूर तालुक्यातल्या आमच्या गावाला त्या नर्स होत्या. सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझी मंगल सात महिन्यांची होती आणि तिची छाती सारखी घरघरायची. सासरे आणि नवरा दोघेही तिच्या पाळण्याशेजारी बसून विड्या ओढत. बाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, "औषध मी देईन, पण धूर तुलाच बाहेर काढायचा हाय. सून हाय म्हणून गप बसू नको."

मी गप्प बसले नाही. नवऱ्याने कुरकुर करत का होईना ऐकलं, तो अंगणात जाऊ लागला. सासऱ्यांना मात्र ते फार लागलं. आपणच बांधलेल्या घरातून सून आपल्याला उठवते, असं ते येईल त्याला सांगत. बाई त्यांना समजवायला तीन-चारदा येऊन गेल्या, हातही जोडले. शेवटी ते अंथरुणाची वळकटी घेऊन पळसदरीला धाकट्या दिरांकडे गेले. गावभर माझी छी-थू झाली. मंगलची छाती मोकळी होत होती आणि बाई पाठीशी होत्या, म्हणून मी ते सोसलं.

मंगल वर्षाची झाली तेव्हा घरचे पोहे घेऊन मी साजगावला बाईंच्या घरी गेले. दार उघडंच होतं. कारखान्यातून निवृत्त झालेले त्यांचे यजमान खाटेवर विडी ओढत बसले होते. मांडीवर दोन-तीन महिन्यांचा नातू. खोली धुराने भरलेली, आणि बाई नवऱ्याच्या हातात काड्यापेटी देत होत्या.

मला बघून त्या लगबगीने बाहेर आल्या.

"बाई, तुमचा नातू," एवढंच मी म्हणाले.

"माझं या घरात चालत नाय गं. एकदा बोलले होते. पुन्हा नाय बोलले."

"मग मला कशाला बोलायला लावलंत?"

पोहे ओट्यावर ठेवून मी परत निघाले.

त्याच थंडीत सासरे पळसदरीलाच वारले. शेवटपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या पायाशी बसून रडताना मला राग येत होता तो बाईंचा. जे धाडस त्यांना स्वतःला झेपलं नाही, ते त्यांनी माझ्याकडून करवून घेतलं होतं.

माझ्या धाकट्याच्या वेळी त्या पुन्हा आल्या. माझ्या नवऱ्याला त्याच ठाम आवाजात सगळं सांगितलं, त्यानेही मान डोलावली. मी चहा विचारला नाही. जाताना त्या दारात जरा थांबल्या, मी आत वळले. पुढे त्यांची बदली झाल्याचं कानावर आलं.

त्यांचं सांगणं मी आजही प्रत्येक लेकुरवाळीला सांगते. त्यांचं नाव मात्र घेत नाही.