अर्थिंगखालचं तावीज

किर्गिझस्तानातल्या नारिन गावचा झानिश मोटारींच्या वायरिंगची कामं करायचा. स्वस्थ बसणं त्याला माहीतच नव्हतं. त्याला कामासाठी गाडीनेच रशियाला निघायचं होतं आणि त्याचीच जुनी गाडी रोज दगा देत होती. वैतागून त्याने डायनॅमो बदलला. तरी इंजिन चालू असताना मीटर डायनॅमोवर चौदा व्होल्ट दाखवी, बॅटरीवर जेमतेम बारा.

"मधल्यामध्ये कोण खातंय?" तो करवादला.

गारठ्यामुळे बॅटरी रात्री घरात चुलीपाशी असायची. रात्री काढताना आणि पहाटे घाईघाईत जोडताना अंधारच असायचा. आज भर उजेडात त्याने अर्थिंगच्या वायरची पकड उचकटली, तर खाली बॅटरीच्या खुंटाला बांधलेलं आईचं चामड्याचं तावीज!

"आई, दृष्ट लागू नये म्हणून बांधलंस, पण त्यानेच गाडी अडली ना!"

"अडावी म्हणूनच बांधलं," आई म्हणाली.