ऊब आहे, असं ते म्हणाले

कमरुद्दीनचाचांच्या हाताला गुण आहे, असं म्हातारी माणसं म्हणत. तरुण पोरं म्हणत, चाचाला टच आहे. अर्थ एकच. पाथर्डीच्या पूर्वेकडच्या दहा-बारा गावांत कुणाचा हात मोडला, खांदा निखळला, घोटा मुरगळला, की तो आधी चाचांच्या अंगणात यायचा. एक्स-रे नंतर.

चाचांचे वडीलही हाडं बसवत. ते तोंडाने काही शिकवत नसत. मडकं फोडून खापऱ्या पोत्यात घालत आणि पोत्यावरूनच चाचपून जुळवायला लावत. नऊ वर्षांच्या कमरुद्दीनने असं सबंध मडकं जुळवलं, त्या दिवशी त्याला पहिल्यांदा माणसाच्या हाताला हात लावू दिला.

आधी पालथा हात टेकायचा. त्याने आतला ताप कळतो. मग चार बोटं हलकी फिरवायची, सूज कुठून सुरू होते ते बघायला. मग अंगठा. अंगठ्याखाली हाडाची कड येते. चाचा तोवर सासुरवाडीची चौकशी करत राहायचे आणि माणूस उत्तर देत असतानाच कड जागेवर गेलेली असायची. बांबूच्या कामट्या लागायच्या, पट्ट्या बांधल्या जायच्या. शेवटी चाचा गप्प व्हायचे. पट्टीबाहेरची बोटं ते आपल्या बोटांच्या टोकांनी धरत. ऊब असली तर बांधणी ठीक. गार पडू लागली तर सोडून पुन्हा बांधायची. हे सगळ्या गावांना माहीत होतं. चाचांनी ऊब आहे म्हटलं, की लोक पिशव्या उचलत.

तीन वर्षांपूर्वी त्यांना शुगर निघाली. गोळ्या ते आठवतील तेव्हा घेत. पुढे त्यांची तक्रार सुरू झाली, की परवेझने घेऊन दिलेल्या मोबाईलचा टच गेलाय. परवेझ त्यांचा मुलगा. तो मोबाईल घेऊन पाथर्डीच्या दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, टच चांगला आहे, तुझे वालिदच बोट दाबून धरतात. परवेझने घरी ते हसत सांगितलं. चाचाही हसले.

एकदा सुनेने, शबनमने, त्यांना चुलीवरचं पातेलं नुसत्या हाताने उतरवताना पाहिलं. ते सावकाश चालत आले आणि पातेलं खाली ठेवलं. तीन बोटांवर फोड आले होते. ती म्हणाली, अब्बा, आता हे काम बंद करा. त्यांनी तिला सांगितलं, परवेझला बोलू नकोस. ती बोलली नाही.

त्यानंतर चाचा डोळ्यांनी आणि आठवणीने काम करत. निखळलेला खांदा बसवायला जोर आणि कोन लागतो, तो त्यांना ठाऊक होता. मुरगळलेले पाय आपोआप बरे होत. लोक येत राहिले.

दसरा झाला. ऊसतोडीला निघायचे दिवस आले. सूर्यभान आणि रंगुबाईला कोपरगावकडे जायचं होतं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकाने तोडायचं, एकीने मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत टाकायच्या. निघायच्या दिवशी दुपारी रंगुबाई हातपंपापाशी घसरली. डावा हात मनगटाच्या वर मोडला.

चाचांच्या अंगणात वीसेक माणसं जमली. ट्रॅक्टर रस्त्यावर उभा होता. ऊसतोडीची टोळी नेणारा बिभीषण मुकादम चाचांजवळ येऊन उकिडवा बसला.

"चाचा, पुऱ्या कोयत्याची उचल दिलीया, मला पुरा कोयता पायजे. अर्ध्या कोयत्यानं काय भाजी चिरू?"

लोक हसले. रंगुबाईही हसली, दात आवळून.

चाचांनी हात बघितला आणि सांगितलं, एकवीस दिवसांत मोळी उचलेल. मग वाटाघाट झाली. रंगुबाईनेही बरोबर जायचं, पण एकवीस दिवस तिच्या जागी मोळ्या मुलगी धनश्री उचलेल. धनश्री दहावीला होती. आईचा हात सुटला की ती परत येऊन शाळेत बसणार होती. तिने दप्तरही बरोबर घेतलं. मुकादम कबूल झाला.

चाचांनी हाड बसवलं. कामट्या लावल्या, पट्ट्या ओढल्या. किती ओढल्या, ते त्यांच्या हाताला कळत नव्हतं. सुटू नयेत म्हणून जरा जास्तच ओढल्या. मग ते गप्प झाले आणि रंगुबाईची बोटं त्यांनी धरली.

काहीच नव्हतं. ऊब नाही, गारवा नाही. लाकूड धरावं तसं.

गालाला अजून कळत होतं. ती बोटं गालाला लावली असती तरी पुरलं असतं. पण परक्या बाईचा मोडलेला हात हातात घेणं वेगळं आणि चारचौघांत तिची बोटं गालाला लावणं वेगळं. दारात शबनम उभी होती. तिला हाक मारून म्हणता आलं असतं, जरा हात लावून बघ. मग सगळ्यांना कळलं असतं. चाचांनी तिच्याकडे बघितलं. तिने खाली बघितलं.

"ऊब हाय ना चाचा?" सूर्यभानने विचारलं.

"हाय," चाचा म्हणाले.

बिभीषण उठला. फोनवर टचमध्ये राहू, म्हणाला. ट्रॅक्टर गेला.

फोन आला तो अकराव्या दिवशी, परवेझच्या मोबाईलवर. सूर्यभान एवढंच म्हणाला, की रंगूचा हात कोपरापासून काढला. चाचांना सांगा.

चाचा एकटेच निघाले. पाथर्डीहून नगर, नगरहून कोपरगाव. दवाखान्यात जनरल वॉर्डच्या टोकाला रंगुबाई भिंतीला टेकून बसली होती. सूर्यभानने उठून त्यांना स्टूल दिलं. कुठूनतरी चहा आणला. डॉक्टर रागावले, तो म्हणाला. विचारत होते, कुणी बांधलं. आम्ही नाव सांगितलं नाही. म्हटलं, उसाच्या फडावर एका माणसाने बांधलं.

चहा चाचांच्या हातात तसाच राहिला.

"दुसऱ्या दिशीच बोटं बधिर लागत हुती," रंगुबाई म्हणाली. "मी यांना म्हनले, सोडा जरा. हे म्हनले, चाचांनी हात लावून पायलंय. मला बी वाटलं, मलाच कळंना झालंय. तिसऱ्या दिशी काळी पडली, तवा..." ती थांबली. "तुमचा काय दोस न्हाई. वाटंत गाडी लई आदळली. त्यानंच बिघडलं आसंल."

चाचांना एवढं पुरलं असतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. गाडी आदळली, हेच गावात गेलं असतं. पुढची माणसं अंगणात येत राहिली असती.

त्यांनी चहा खाली ठेवला.

"गाडीचं काय न्हाई," ते म्हणाले. "माझी बोटं मेल्यात, रंगू. दीड वरीस झालं. मला कायबी कळलं न्हाई त्या दिशी. ऊब हाय म्हनलो, ते खोटं हुतं."

सूर्यभान उभा होता तो हळूहळू कॉटच्या कडेला बसला. शेजारच्या कॉटवरची म्हातारी कान देऊन ऐकत होती.

"ठावं हुतं तुमाला?" सूर्यभानने विचारलं.

"व्हय."

"मंग म्हनायचं न्हाई? दवाखाना पाथर्डीत हुता की. गाडी थांबवली आस्ती मी."

रंगुबाई रडली नाही. उजव्या हाताने तिने पदर पुढे ओढून उरलेला डावा हात झाकला.

"माझ्या हाताचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पोरीची एकवीस दिसांची बोली हुती. आता कोन सोडवनार तिला तिथून?"

धनश्री तेवढ्यात आली. फडावरून थेट, डबा घेऊन. उसाच्या पाचटाने तिचे हात कोपरापर्यंत ओरबाडले होते, कपाळावर मोळीच्या चुंबळीचा वळ होता. चाचांना बघून ती ओळखीचं हसली. गावाकडे पाऊस झाला का, विचारलं. डबा ठेवला आणि पाया पडायला वाकली.

"पडू नगं," सूर्यभान म्हणाला.

ती वाकलेलीच थांबली. हात चाचांच्या पायापासून वीतभर अंतरावर. तिने बापाकडे पाहिलं, मग आईकडे. आईने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

"उठ पोरी," चाचा म्हणाले. "बाप म्हनतोय ते ऐक."